कोठीच्या खोलीत काय अंथरायचे?

वऱ्हाडातल्या जुन्या घरात एक खोली अशी असते, जिथवर पाहुणा कधी पोहोचत नाही. कुणी तिला कोठी म्हणते, कुणी सामानाची खोली. कुठे मागची सपरीच भिंत घालून बंद केलेली असते. तुरीची पोती, कुलरची टाकी, फवारणीचा पंप, कुरड्या-पापडांचे डबे आणि हल्ली धुण्याचे मशीन, असा सगळा राबता तिथे. बैठकीत नव्या टाइल्स बसतात, स्वयंपाकघराला ग्रॅनाइटचा ओटा मिळतो. या खोलीत मात्र आजोबांच्या काळातली शहाबादीच राहते. तिचे सांधे उघडे पडलेले, एक फरशी वर आलेली, दुसरी पाय पडताच डुगडुगणारी. दरवर्षी उन्हाळ्यात घरात तोच विषय निघतो: सगळे उखडून नवे करायचे, की तूर्त वरून काहीतरी अंथरून वेळ मारून न्यायची? बहुतेक घरांत वेळ मारून नेण्याचीच सरशी होते.

यात कुणी ओशाळायचे कारण नाही. अकोला-अमरावतीच्या पट्ट्यात पक्क्या फरशीचा इतिहास फार तर दीडशे वर्षांचा. त्याआधी आणि त्यानंतरही, बहुसंख्य माणसे भुईवर काही ना काही तात्पुरते घालूनच राहिली. ते काय घालत आणि का, हे पाहिले तर आजच्या दुकानातली निवड बरीच सोपी होते.

सुरुवात मातीपासून करावी लागते. वऱ्हाडची काळी माती कापसाला मानवते, घराला नाही. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि त्या भेगा बांधावर येऊन थांबत नाहीत. घराखाली काळी माती असेल तर पावसाळ्यात जमीन वर उचलली जाते, उन्हाळ्यात खाली बसते. वरची फरशी, कोबा, भिंत सगळेच तिच्याबरोबर हलते. मुंबई आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या मातीचा अभ्यास करून उपाय सांगितला, की काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, चिकट मातीचा साधारण मीटरभर थर दाबून घातला, तर खालची फुगवट वर पोहोचत नाही. कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कामात हे तंत्र देशभर वापरले गेले. गावच्या गवंड्याला त्याची मोडकी-तोडकी आवृत्ती ठाऊक होतीच. काळी उपसून टाका, मुरूम भरा, धुमसाने ठोका, मग वर काय करायचे ते करा, असे तो सांगायचा. पैसे कमी असले की बैठकीखाली मुरूम पडायचा आणि कोठी तशीच राहायची. आज कोठीची फरशी आधी उखडते त्याचे एक कारण इथे आहे.

काळी माती अशी हलती, म्हणून गावे काळीवर न वसता पांढरीवर वसली. शेत ते काळी आणि गावठाण ते पांढरी, हा भेद वऱ्हाडातल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या बोलण्यात आहे. गढ्या पांढऱ्या मातीच्या, धाब्याच्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, आणि घरातली भुईसुद्धा तिचीच. भुई करायची म्हणजे आधी माती भिजवून दोन-चार दिवस मुरू द्यायची, तिच्यात कुटार मिसळायचे, थर पसरायचा आणि अर्धवट सुकत आला की लाकडी चोपण्याने चोपत जायचे. भेग दिसली की पाण्याचा हात फिरवून पुन्हा चोपायचे. हे काम बाया ओळीने बसून करत. शेवटी शेणाचा हात.

सारवण हे या प्रदेशाचे पहिले स्वस्त, तात्पुरते आच्छादन. त्याकडे केवळ धार्मिक सोवळ्याच्या अंगाने पाहिले जाते, पण कारागिरी म्हणूनही ते पाहण्यासारखे आहे. ताजे शेण, पाणी, मूठभर पांढरी माती. काला फार पातळ झाला तर भुईवर थर धरत नाही, फार घट्ट झाला तर सुकल्यावर पोपडे निघतात. खोलीच्या आतल्या कोपऱ्यातून सुरुवात करून दाराकडे मागे मागे सरकत यायचे. तळहात पंख्यासारखा अर्धगोल फिरवायचा, एका फेऱ्याची कड दुसऱ्या फेऱ्याखाली दडायला हवी. शेणातले न पचलेले तंतू मातीला धरून ठेवतात आणि धूळ उडत नाही. वापरत्या घरात असा थर आठवडाभर टिकायचा, वर्दळीच्या ओट्यावर त्याहून कमी. पोळा, दसरा, दिवाळी यांच्या आधी मोठे सारवण निघायचे. खर्च शून्य, मेहनत पुष्कळ; आणि ती मेहनत घरातल्या बाईची असल्यामुळे हिशेबात कुणी धरली नाही.

आता जुन्या भुईचे फार गोडवे गाण्यातही अर्थ नाही. मेक्सिकोच्या कोआविला राज्यात २००० साली मातीच्या जमिनींवर सिमेंट घालून देण्याची सरकारी योजना सुरू झाली. पुढे अभ्यासकांनी मोजले तेव्हा लहान मुलांमधले जंत-परजीवींचे प्रमाण ७८ टक्क्यांनी आणि जुलाबांचे ४९ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. भारताच्या २०११ च्या जनगणनेत घराची जमीन कशाची, हा प्रश्न होता, आणि ४६.५ टक्के घरांचे उत्तर होते माती. सारवलेली भुई सुंदर दिसते. रांगत्या पोराला ती बाधू शकते, हेही तितकेच खरे.

सारवणावर बसायला काहीतरी लागे. इथे मेळघाट मदतीला आला. सातपुड्याच्या या डोंगरांत बांबू मुबलक, आणि त्याच्या पायथ्याच्या गावांत बुरुडांची वस्ती. अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते ३० डिसेंबर १८०३ च्या शिंदे-इंग्रज तहामुळे. पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या नोंदींत या गावाची दुसरीही ओळख आहे, ती तिथल्या बांबूकामाची. टोपल्या, सुपे, डाल्या आणि तट्ट्या. तट्ट्या भिंतीला लागायचा, बंडीला लागायचा, आणि धान्याच्या खोलीत जमिनीवरही पडायचा, म्हणजे पोत्याला खालची ओल लागत नसे. शिंदीच्या पानांची चटई त्याहून स्वस्त. शिंदीच्याच पानांचे फडे घर झाडायला. मेळघाटातल्या बांबूकामाला अलीकडे नवे वळण मिळाले ते धारणीजवळच्या लवादा इथल्या संपूर्ण बांबू केंद्रामुळे. सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी कोरकू कारागिरांबरोबर हे काम उभे केले. तिथे बांबूची घरे, फर्निचर, राख्या होतात. साधा जमिनीवरचा तट्ट्या मात्र बाजारातून जवळपास उठला आहे, कारण त्याच्या मजुरीत आता प्लास्टिकच्या तीन चटया येतात.

सतरंजीची गोष्ट अकोटला घेऊन जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी निघालेल्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये अकोटच्या सुती सतरंज्यांची दखल आहे. बाळापूरही पूर्वी विणकरांचे मोठे गाव, तिथल्या पागोट्यांना नाव होते. वऱ्हाडात सतरंजी का रुजली, याचे उत्तर कापसाच्या बोंडात आहे. इथला जुना देशी कापूस आखूड धाग्याचा. लिव्हरपूलच्या बाजारात तो ‘उमरा’ या नावाने ओळखला जाई. उमरावती म्हणजे अमरावती, त्याचेच हे इंग्रजी तोंडातले रूप. या कापसाचे तलम सूत निघत नाही. जाड, पिळदार, दणकट सूत मात्र उत्तम निघते, आणि सतरंजीला तेच हवे. आडव्या मागावर ताणा घट्ट ताणायचा, बाण्याचे दोरे हाताने भरायचे आणि लोखंडी दातांच्या पंजाने ते असे ठोकायचे, की ताणा दिसेनासा होईल. निळे-पांढरे किंवा लाल-निळे पट्टे. दोन्ही बाजूंनी सारखीच, म्हणून एक बाजू मळली की उलटायची. जमिनीवर घालायच्या वस्तूत याहून शहाणपणाची युक्ती सापडणे कठीण.

इंग्रजी अमदानीत सतरंज्या तुरुंगांतही विणल्या जाऊ लागल्या. कैद्यांना काम, सरकारला स्वस्त माल. कचेऱ्या, शाळा आणि विश्रामगृहे यांच्यासाठी मोठ्या मापाच्या सतरंज्या तिथून येत. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीचे सूत जवळ मिळू लागले. हातसुताचा विणकर त्याने सुखावलाही आणि अडचणीतही आला. नव्या सतरंजीची जागा बैठकीत, लग्नाच्या मांडवात, कीर्तनात. काठ झिजले, मधे भोक पडले की ती आत सरकायची, आधी माजघरात, मग कोठीत, शेवटी गोठ्यातल्या वासराच्या अंगाखाली. प्रत्येक घरात अंथरुणाची अशी उतरती भाजणी होती. कोठीच्या खोलीसाठी मुद्दाम काही विकत आणायचे, ही कल्पनाच मुळी नवी.

सतरंजीने मराठी राजकारणालाही एक जात दिली: सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता. सभेआधी अंथरायच्या, सभा संपली की झटकून घडी घालायच्या, आणि तिकीट मात्र दुसऱ्याच कुणाला मिळायचे. आता सभेत प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, तरी तक्रार जुन्याच शब्दांत होते.

याच मातीत गाडगेबाबा झाले. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथे जन्मलेला हा माणूस गावात शिरताच आधी खराट्याने रस्ते झाडायला घेई आणि रात्री कीर्तन करी. त्यांच्यापुढे बसणारा बहुसंख्य श्रोता सतरंजी न परवडणारा. झाडलेली भुई हेच त्याचे आसन. गुरुकुंज मोझरीच्या तुकडोजी महाराजांनीही ग्रामसफाईला प्रार्थनेच्या बरोबरीने बसवले. वऱ्हाडात स्वच्छ भुईला मिळालेला हा मान गरिबांच्या घरातून वर आला, हवेल्यांतून खाली उतरला नाही.

हवेल्यांचा काळ कापसाने आणला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव भडकले. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोहोचला. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा त्याच्या वाटेवर. खामगावच्या फाट्याचे उद्घाटन १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने केले. कारंज्याला १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार उभा राहिला आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस-धान्य बाजारांसाठी कायदा झाला. या घडामोडी शेतीच्या इतिहासात नेहमी येतात. त्यांनी घराच्या जमिनीवर काय केले, ते सहसा कुणी लिहीत नाही.

त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक श्रीमंतांच्या घरात गेली, ती म्हणजे शहाबादी. वऱ्हाडचा दगड काळा बसाल्ट. तो फोडता येतो, घडवता येतो, पण पापुद्र्यासारखा सुटत नाही. सपाट लादी हवी तर चुनखडीचा थरांचा दगड लागतो, आणि तो भीमेच्या खोऱ्यात, कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादला जमिनीलगत सापडतो. मुंबईहून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग १८७१ साली रायचूरपर्यंत पोहोचला, तो शहाबादवरूनच. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग झाला आणि शहाबादच्या खाणीपासून मनमाड-भुसावळमार्गे अकोल्याच्या धक्क्यापर्यंत जवळची वाट तयार झाली. करड्या-निळसर, थंडगार, हातोडी-छिन्नीने कडा तासून जवळजवळ चौरस केलेल्या या लाद्या उन्हाळ्यात ४५ अंशांवर जाणाऱ्या मुलखाला वरदान वाटल्या. दुपारी ओल्या पंचाने पुसून त्यांच्यावर उघड्या पाठीने पडणे, हे सुख कुलर येईपर्यंत वऱ्हाडाने भोगले. पुढे आणखी पैसा आला तेव्हा रंगीत सिमेंटच्या नक्षीदार टाइल्स आल्या. १९२२ साली सिधवा घराण्याने स्वदेशीच्या भरात भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी काढली आणि उरणला कारखाना घातला. अमरावती-अकोल्याच्या जुन्या बंगल्यांत अशा टाइल्सचे गालिचे अजून पाहायला मिळतात. कोठीच्या खोलीत त्या शोधू नयेत.

दुसरी गोष्ट गरिबांच्या घरात गेली. ती होती बारदान. कापसाच्या दाबलेल्या गाठी तागाच्या तरटात गुंडाळून मुंबईला जात. सरकी, धान्य, गूळ, साखर सगळे तागाच्या पोत्यांतून येई-जाई. बंगालचा ताग वऱ्हाडच्या प्रत्येक बाजारपेठेत साचू लागला आणि फाटके पोते हा फुकट मिळणारा माल झाला. उसवलेली पोती दाभण-सुतळीने जोडली, की खोलीभर तरट तयार. पायाला खरखरीत, पण ओल शोषणारे, झटकता येणारे, उन्हात तासाभरात वाळणारे. कोठीत, छपरीत, शाळेच्या वर्गात, दुकानाच्या गादीखाली तरट होतेच. वऱ्हाडातल्या दोन-तीन पिढ्या बाराखडी शिकल्या त्या अशा तरटपट्टीवर बसून.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्लेगच्या लाटा आल्या तेव्हा तरटाने आणि तट्ट्याने वेगळेच काम केले. उंदीर पडू लागले की गाव सोडून शेतात झोपड्या घालायच्या, असा शिरस्ता पडला. तट्ट्याच्या भिंती, कडब्याचे छप्पर आणि खाली तरट. महिनेन् महिने कुटुंबे तशी राहिली. साथ ओसरली की झोपडी मोडायची, अंथरलेले जाळून टाकायचे आणि घरी परतून भुई नव्याने सारवायची. जाळता येण्याइतके स्वस्त असणे हा तेव्हा अंथरुणाचा मोठाच गुण होता.

त्याआधीपासूनच एक विलक्षण फेरा चालू होता, आणि त्यात वऱ्हाडचा हात होता हे इथल्या शेतकऱ्याला कळण्याचे कारण नव्हते. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टनच्या लक्षात आले, की जवसाच्या तेलाच्या रंगाचा डबा उघडा राहिला तर वर रबरासारखी साय धरते. त्याने ती साय मुद्दाम तयार केली, तिच्यात राळ आणि बुचाची पूड मळली आणि मिश्रण तागाच्या कापडावर लाटले. १८६३ साली पेटंट घेतले, १८६४ साली लंडनजवळ स्टेन्सला कारखाना काढला. हेच लिनोलियम. धुता येणारे, गुंडाळता येणारे, लाकूड-दगडापेक्षा स्वस्त. युरोपातल्या दवाखान्यांच्या आणि स्वयंपाकघरांच्या जमिनी त्याने झाकल्या. स्कॉटलंडचे कर्कॉल्डी हे गाव तर त्याच्या वासाने ओळखले जाई. या मालाला लागे जवस आणि ताग. ताग बंगालचा. जवसाचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातून होई, आणि मध्य प्रांत-वऱ्हाडचे जवस मुंबईच्या गोदीतून बोटीवर चढे. ज्या जवसाची चटणी वऱ्हाडी माणूस भाकरीबरोबर खातो, त्याचेच तेल साहेबाच्या न्हाणीघराची जमीन होऊन पडले होते. परत येताना मात्र ते इतके महाग झालेले असे, की सामान्य वऱ्हाडी घरात लिनोलियम क्वचितच शिरले. पुढे बंगालमध्ये बिर्लापूरला त्याचा कारखाना निघाला, तोवर बाजारात त्याचा प्रतिस्पर्धी तयार होता.

तो प्रतिस्पर्धी म्हणजे व्हिनाइल, म्हणजेच पीव्हीसी. १९३३ च्या शिकागो प्रदर्शनात ते जमिनीवर घालायचा माल म्हणून लोकांनी पाहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर लिनोलियमला त्याने मागे टाकले. वऱ्हाडात प्लास्टिक आले ते मात्र दुसऱ्याच वाटेने, खताच्या पोत्यातून. युरिया आणि डीएपीच्या विणलेल्या प्लास्टिकच्या चुंगड्या शेतकऱ्याच्या घरी ढिगाने जमू लागल्या. दाभण तेच, सुतळीच्या जागी नायलॉनचा दोरा. उसवून जोडलेल्या चुंगड्यांचे पाल खळ्यात पडले, बंडीवर चढले आणि घरातल्या कापसाखाली अंथरले गेले. १९८७ च्या कायद्याने धान्य-साखरेसाठी तागाची पोती सक्तीची करून ताग तगवला खरा, पण घरातल्या जमिनीवरून तरट गेले ते गेलेच.

घरातला कापूस हा वऱ्हाडी कोठीचा खास विषय आहे. वेचणी झाली की भाव येईपर्यंत कापूस कुठे ठेवायचा? घरात. १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी चालली, तेव्हाही केंद्रापुढच्या रांगेत नंबर लागेपर्यंत माल घरातच. योजना मागे पडली, तरी ‘भाव वाढला त इकू’ म्हणत खोली छतापर्यंत भरलेलीच असते. घरच्यांच्या अंगाला खाज सुटते, झोपायला जागा राहत नाही. अशा खोलीच्या जमिनीवर उघडी माती चालत नाही, कारण कापसाला डाग आणि कचरा लागला की ग्रेड उतरते. ओलसर सिमेंट चालत नाही, कारण खालचा थर पिवळा पडतो. म्हणून खाली चुंगड्यांचे पाल किंवा ताडपत्री. कोठीचे अंथरूण माणसाच्या पायांसाठी कमी आणि मालासाठी जास्त असते, हे शहरातल्या सल्लागारांना उमगत नाही.

गेल्या वीसेक वर्षांत यात एका नव्या वस्तूची भर पडली, ती म्हणजे फ्लेक्स. पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर, दहा बाय वीस फुटांचा, पाणी न शिरणारा आणि फुकट. नेत्याचा वाढदिवस झाला, की फलक रात्रीतून उतरतो आणि सकाळी कुणाच्या तरी कोठीत पसरतो. भाऊ, दादा, ताई हसऱ्या चेहऱ्याने हात जोडून जमिनीवर. वर हरभऱ्याची पोती. काही घरांत छापील बाजू खाली करतात, सभ्यतेखातर. पूर्वी कार्यकर्ता साहेबांसाठी सतरंजी उचलायचा, आता साहेबच अंथरले जातात.

आणि मग दुकान. अमरावतीच्या इतवाऱ्यात किंवा अकोल्याच्या टिळक रोडच्या आसपास मीटरवर कापून देण्याच्या प्लास्टिक मॅटचे उभे रोल असतात. लाकडासारख्या, संगमरवरासारख्या, मोझेकसारख्या छापाचे. दुकानदार सांगतो, ‘काकू, सोल्युशन लावून पक्कं चिकटवून घ्या, दहा वर्षं पाहाचं काम नाही.’ काकू म्हणतात, ‘कोठीतच त टाकाचं हाय बाप्पा, स्वस्तातलं दाखवा.’ काकूंचा पवित्रा बरोबर आहे. दुकानदाराचा सल्ला वऱ्हाडापुरता चुकीचा.

का ते पूर्णा नदीच्या खोऱ्यात समजते. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतून खारपाणपट्टा जातो. विहिरीचे पाणी खारट, माती खारट. घराखालची ओल केशाकर्षणाने वर चढते, पृष्ठभागावर येऊन उडून जाते आणि मागे क्षार ठेवते. भिंतीला लोणा लागतो तो हाच. क्षाराचे स्फटिक वाढताना दगडाचा पापुद्रा उचलतात. शहाबादी सोलली जाते, कोबा भुसभुशीत होतो. सारवणातून, तरटातून, सुती सतरंजीतून ही ओल बाहेर पडू शकत असे. खराब झालेला थर झाडून टाकला आणि नवा हात मारला की काम भागे. प्लास्टिक तिला दाबून धरते. मग ती कडेकडेने सरकते, भिंतीच्या तळाशी फुगवटे येतात, सोल्युशनची पकड सुटते आणि खाली बुरशीचा वास धरतो. खारपाणपट्ट्याबाहेर, अमरावती शहरासारख्या ठिकाणी, क्षार कमी असले तरी काळ्या मातीच्या फुगवटीपुढे चिकटवलेली मॅट टिकत नाही. खालची फरशी हलली की वर सुरकुती पडते आणि तिथेच ती फाटते. जे चिकटवले ते काढताना जुनी शहाबादीही डागाळते, म्हणजे पुढे ती घासून वापरायची सोय गेली.

इथल्या सगळ्या जुन्या आच्छादनांत एक गोष्ट सारखी होती. ती उचलता येत किंवा खरवडता येत. तट्ट्या उभा करून ठेवत, तरट झटकत, सतरंजी उलटत, सारवण धुऊन नवे घालत. कुणीही त्यांना भुईला कायमचे बांधले नाही, कारण भुई स्थिर नाही हे सगळ्यांना माहीत होते. लिनोलियमचा आणि व्हिनाइलचा जन्म जिथे झाला, तिथे लाकडी तक्तपोशी किंवा कोरडे काँक्रीट खाली होते. चिकटवण्याचा रिवाज तिकडचा.

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा कोठीचा प्रश्न निघाला आहे, त्यांनी खरेदीआधी एक साधी तपासणी करावी. हातभर लांबी-रुंदीचा जाड पॉलिथिनचा तुकडा फरशीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि सोळा तास, म्हणजे संध्याकाळी लावला तर दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरापर्यंत, तसाच राहू द्यायचा. खालून पाण्याचे थेंब धरले तर चिकटवायची मॅट अजिबात घेऊ नये. सुती सतरंजी, जुने तरट किंवा मालासाठी लाकडी फळ्यांवर ठेवलेली ताडपत्री पुरते. थेंब नसले तर मीटरवरची स्वस्त मॅट खुशाल आणावी, पण डुगडुगती फरशी आधी वाळू-सिमेंटने बसवून, भिंतीपासून बोटभर जागा सोडून, नुसती अंथरावी. धुण्याच्या मशीनखाली ती घालू नये, तिथे रबराचे चार तुकडे बरे. आणि मृगाची पहिली सर येण्याआधी एकदा, दसऱ्याला एकदा, सगळे सामान बाजूला करून ती उचलावी, खाली केरसुणी फिरवावी, दिवसभर दार-खिडकी उघडी ठेवून मगच परत घालावी.